सत्काराच्या चादरी : आज रात्रीपर्यंत कळवा

मंडळी, सोलापूरच्या चाटी गल्लीतून, चादरींच्या बाजारातून लिहितोय. मंडळाच्या सत्कारासाठी सहा चादरी घेतल्या, पण ‘गुणवंत विद्यार्थी’ विणून मिळत नाही. सहा नगांसाठी जकार्ड मागाचे, नक्षीचे भोकवाले नवे पुठ्ठे कोण पाडणार? कोपऱ्यावर मशीनवर भरून मिळेल. सायन्स फेअरवाली पाच आणि स्पेलिंग स्पर्धेवाला एक, मजकूर एकच की वेगळा? परवा पहाटे निघतोय. विमानाची बॅग २३ किलोची, त्यात आईने शेंगाचटणी आधीच भरलीय.
– नाना

नाना, एकच मजकूर. मागच्या वर्षी वेगळे केले त्याचं काय झालं ते माहीत आहे. पावती मंडळाच्या नावे घ्या, गेल्या वेळेसारखी नको.
– खजिनदार

मला नाही पटत. स्पेलिंग म्हणजे पाठांतर. नववीत मी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसले होते. लेखी झालं की प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. ब्युरेटची काचेची नळी हातात आली की पाठांतर कुठं जातं कळत नाही, हात थरथरतो तो वेगळाच. आपल्या त्या पोरीनं दोन वर्षं तळघरात शेवाळं वाढवलं, तिला आणि याला एकच चादर? नाना, पुतण्या तुमचा म्हणून बोलत नाही.
– मावशी

बोललातच की! मावशी, अख्खी डिक्शनरी कुणाची पाठ होत नाही. पोरं आधी शब्दाचं मूळ विचारतात. ग्रीक निघालं की ‘क’ला सीएच, ‘फ’ला पीएच. अशी तयारी करतात म्हणून तर २०१९ला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत आठ जण एकदम विजेते झाले, आयोजकांचेच अवघड शब्द संपत आले होते. काल याला इथल्या विणकरांच्या पूर्वभागात माग दाखवायला नेलं. विणकर आडवा धागा नेणारी वस्तू दाखवून म्हणाले ‘धोटा’. हा तळहातावर बोटानं अक्षरं गिरवत विचारतो, “याचं मूळ काय?” ते म्हणाले, “मूळ? वडलांच्या वेळचा आहे.” मग मी त्याला सांगितलं, इंग्रजीतलं ‘मंगूस’ आपल्या मराठी मुंगूसावरून गेलंय.
– नाना

नाना, थांबा. मराठीतून गेलं हे खरं, पण मराठीत आलं कुठून? आमच्या घरी तेलुगूत मुंगिस, शेजारी कानडीत मुंगुसी. पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांना हे विचारायचं सोडून आपलं म्हणून सांगून आलात!
– अण्णा

मुंगूस राहू द्या. पावतीचं काय?
– खजिनदार

पावती मंडळाच्या नावे. सहांवर फक्त ‘गुणवंत’ भरून घेतलं, मावशींनी रागवू नये. अण्णांचं पोराला सांगितलं, तो आता आजीच्या मागे लागलाय, ‘चादर’चं मूळ सांग म्हणून. पाच चादरी बॅगेत बसल्या. चटणी काढायला आई तयार नाही. पुढच्या आठवड्यात सोलापूरहून कोण निघतंय? सहावी घरी ठेवतोय.
– नाना