१९६५ मध्ये स्थानबद्धाला दाद मिळाली, मग १९७६ मध्ये का मिळाली नाही?

अबोली (धागाकर्ती):

स्थानबद्धांच्या, म्हणजे खटला न चालवता डांबलेल्यांच्या, हक्कांविषयी वाचताना सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकापाठोपाठ समोर आले आणि त्यांचा मेळ मला लावता आलेला नाही.

पहिला निकाल महाराष्ट्रातल्या प्रकरणाचा आहे. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने अणूच्या अंतरंगाविषयी एक मराठी पुस्तक लिहिले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये त्याचे हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यावे, असा अर्ज केला. सरकारने मार्च १९६५ मध्ये नकार कळवला. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. राज्य सरकार अपिलात गेले आणि तिथेही हरले. विशेष म्हणजे १९६२ ची आणीबाणी तेव्हा उठलेली नव्हती आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला त्या सप्टेंबर १९६५ मध्ये तर पाकिस्तानशी युद्ध चालू होते.

दुसरा निकाल एडीएम जबलपूर खटल्याचा, २८ एप्रिल १९७६ चा. या वेळी प्रश्न हस्तलिखिताचा नव्हता. ‘मला बेकायदा पकडले आहे’ एवढे म्हणण्यासाठीसुद्धा मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, डांबलेल्या माणसाला हेबियस कॉर्पसची (बंदिवानाला न्यायालयापुढे आणून अटक कायदेशीर आहे का हे तपासण्याची) याचिका करता येणार नाही, असे चार विरुद्ध एक मताने ठरले.

राज्यघटना तीच, न्यायालय तेच, आणीबाणीही दोन्ही वेळी होती. मग अकरा वर्षांत बदलले काय? न्यायाधीश कचरले हे उत्तर नेहमी ऐकायला मिळते आणि ते खरे असेलही. परंतु निकालपत्रात कोणते कारण दिले आहे, हे जाणकारांनी सांगावे.

—

जुनी सनद:

कारण राष्ट्रपतींच्या आदेशाच्या शब्दरचनेत आहे. आणीबाणीत अनुच्छेद ३५९ खाली राष्ट्रपती मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित करू शकतात. १९६२ च्या आदेशाने तो सशर्त स्थगित केला होता: एखाद्याचा हक्क भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याखालच्या नियमांप्रमाणे हिरावला गेला असेल, तरच त्याला न्यायालयात जाता येणार नव्हते. याचा सरळ अर्थ असा की सरकारची कृती त्या नियमांत बसतच नसेल, तर मनाई लागू होत नाही आणि ती बसते की नाही हे न्यायालयच तपासणार. १९६३ मध्ये माखनसिंग तारसिक्का खटल्यात घटनापीठाने ही फट दाखवून दिली होती, आणि संझगिरी तिच्यातूनच आत आले.

त्यांच्या प्रकरणातला युक्तिवाद मुळातून पाहण्यासारखा आहे. पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणाला धोका पोहोचेल, असे सरकारने आपल्या प्रतिज्ञापत्रात कुठेही म्हटले नव्हते. म्हणण्यासारखे काही नव्हतेच, कारण मजकूर मूलकणांचा आणि क्वांटम सिद्धांताचा होता आणि उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहून तशी खात्री करून घेतली होती. सरकारचे म्हणणे एवढेच होते की स्थानबद्धांच्या अटींविषयीच्या १९५१ च्या आदेशात ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच स्थानबद्धाला मिळतील, आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्यात नाही. त्यावर न्या. सुब्बा राव यांनी लिहिले की हा युक्तिवाद मान्य केला, तर अटींमध्ये जेवण देण्याचा उल्लेख नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारता येईल. म्हणजे त्या अटी सरकारी मेहेरबानीची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत; यादीत नसलेला निर्बंध तुरुंगाच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या मर्जीने लादता येत नाही.

२७ जून १९७५ च्या आदेशात मात्र ही शर्त गाळलेली होती. अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेबाबतचे संरक्षण) यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग सरसकट बंद करण्यात आला, आणि बहुमताच्या निकालाचा पाया तोच आहे.

—

पायवाट:

जुनी सनद यांनी निकालातले कारण अचूक मांडले आहे, पण त्या कारणाने निकाल अटळ होता असा कोणाचा समज होऊ नये. तोच आदेश देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी वाचला होता, त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, आणि या न्यायालयांनी याचिका ऐकण्याचा आपला अधिकार सोडला नाही. त्यांच्या भूमिकेचे सार असे की मूलभूत हक्क स्थगित झाला म्हणून मिसा कायदा स्थगित होत नाही. त्या कायद्याने अधिकाऱ्यावर ज्या अटी घातल्या आहेत त्या पाळल्या गेल्या की नाही, हे पाहणे म्हणजे अनुच्छेद २१ ची अंमलबजावणी नव्हे. भलत्याच माणसाला पकडले असेल, आदेशावर अधिकार नसलेल्याची सही असेल, वैयक्तिक आकस असेल, तर हे तपासायचे कोणी?

सुनावणीत न्या. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना नेमके हेच विचारले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी माणसाचा जीवच घेतला तर काही उपाय आहे का, या प्रश्नावर आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. एवढे ऐकूनही चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. न्या. बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे, असे लिहून ठेवले. मिसाच्या कलम १६अ खाली स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही दाखवायची नव्हती, तेव्हा ही माया त्यांना कोणत्या कागदातून दिसली, हे कोडेच आहे.

खन्ना यांचे अल्पमत आदेशाची शब्दरचना नाकारत नाही. ते फक्त म्हणतात की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मुळे जन्माला आलेला नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाला कोंडता येत नाही, हे राज्यघटनेपूर्वीही खरे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. शब्दांत जागा होती आणि उच्च न्यायालयांना ती सापडली होती, म्हणून सगळा दोष आदेशाच्या मसुद्यावर ढकलणे मला पटत नाही.

—

अबोली:

दोघांचेही आभार. आता हे पुन्हा घडू शकते का, एवढेच विचारायचे राहिले.

—

कोरडी विहीर:

त्याच स्वरूपात घडणार नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ हे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्कावरील निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एडीएम जबलपूर निकाल रद्दबातल ठरवला. तसे स्पष्ट शब्दांत लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

परंतु बेकायदा कोंडून ठेवायला आणीबाणी लागतेच असे नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूर तुरुंगातले रुदल शाह जून १९६८ मध्ये निर्दोष सुटले आणि तुरुंगाबाहेर आले ऑक्टोबर १९८२ मध्ये. चौदा वर्षे त्यांना अडवणारा ना राष्ट्रपतींचा आदेश होता, ना मिसा. हेबियस कॉर्पसची याचिका सुनावणीला येईपर्यंत ते सुटले होते, म्हणून ती निकाली काढता आली असती. न्यायालयाने मात्र १९८३ मध्ये राज्याला, आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज, तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. हा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचाच आहे. त्यामुळे १९७६ च्या मताचे परिमार्जन होते की नाही, यावर वकीलमंडळींत एकमत होणार नाही.

आणि प्रतिबंधक स्थानबद्धता तर राज्यघटनेतच आहे. स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने ठेवता येते. ४४ व्या दुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली होती, पण तेवढे कलम अंमलात आणणारी अधिसूचना आजवर निघालेली नाही. महाराष्ट्रात धोकादायक कृत्ये रोखण्यासाठीच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली असे आदेश निघत असतात. कोणाला प्रत्यक्ष प्रकरणात पाहायचे असेल, तर आधी तारखा पाहाव्यात: कारणे केव्हा दिली, स्थानबद्धाने आदेशाविरुद्ध निवेदन केव्हा केले, त्यावर निर्णय केव्हा झाला. त्यानंतर कागद स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत दिले होते का, हे पाहावे. आपल्याच राज्यातल्या हरिकिसन खटल्यात कारणे इंग्रजीत दिली होती आणि हिंदी प्रत मागूनही मिळाली नव्हती. तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्यांच्या सुटकेचा आदेश दिला.