मुलीचा अल्सरेटिव्ह कोलायटिस : गोळ्यांची जबाबदारी तिच्यावर कधी सोपवावी?

प्रश्न (एक आई, नाशिक)
माझ्या 14 वर्षांच्या मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व जखमा होणारा दीर्घकाळचा आजार) असल्याचे गेल्या वर्षी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) व बायोप्सीवरून (आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी) निश्चित झाले. स्टेरॉइड हळूहळू कमी करून बंद झाले असून मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारे औषध) रोज चालू आहे. शौचातून रक्त जाणे थांबल्यापासून मात्र ती गोळ्या टाळते आणि विचारले की चिडते. शाळेत स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून डबाही खात नाही. औषधांची जबाबदारी तिच्यावर सोपवावी, की मीच समोर बसून गोळ्या द्याव्यात?

उत्तर 1 (एक वडील, पुणे)
ताई, जबाबदारी तिला द्या, पण लक्ष काढून घेऊ नका. माझ्या मुलाला क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार आहे. आठवड्याच्या गोळ्यांची डबी तो स्वतः भरतो आणि ती रिकामी झाली की नाही, एवढेच मी पाहतो. मेसालामाइन बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते आणि मग पुन्हा स्टेरॉइड घेण्याची वेळ येऊ शकते, हे तिला डॉक्टरांकडूनच, शक्यतो तुम्ही खोलीबाहेर असताना, ऐकू द्या. लक्षणे नसतानाही आतड्यात सूज असू शकते व ती विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिनच्या (सूज असताना वाढणारे प्रथिन) तपासणीत दिसते. तो अहवाल आधी तिच्या हातात द्यावा, असे मला मनापासून वाटते. दिवसभराची मात्रा एकाच वेळी घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. अनेकांना ती तशी देतात आणि त्यामुळे शाळेत गोळी न्यावी लागत नाही.

उत्तर 2 (शालेय वयापासून हाच आजार असलेली विद्यार्थिनी)
काकू, डबा न खाण्याचे कारण भूक नसणे हे नसून भीती आहे, असे मला वाटते. डॉक्टरांचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि तासाला हात वर न करता बाहेर जाण्याची मुभा व शिक्षकांचे स्वच्छतागृह वापरण्याची परवानगी मागा. वर्गात कोणाला काय सांगायचे, हे मात्र तिलाच ठरवू द्या. माझ्या वेळी ते परस्पर सांगितले गेले होते आणि त्याचा त्रास मला आजारापेक्षा जास्त झाला.

उत्तर 3 (बालरोग विभागातील परिचारिका)
उपाशी राहण्याकडे दुर्लक्ष करू नका. या वयात सूज आणि अपुरा आहार एकत्र आले की उंची खुंटू शकते व पाळी लांबू शकते. म्हणून दर भेटीत उंची-वजनाची नोंद करून घ्या आणि हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्व तपासण्याविषयी विचारा. नातेवाइकांच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ बंद करू नका. आणखी एक गोष्ट घरोघरी राहून जाते : पाळीत पोट दुखले की मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन सर्रास दिले जाते, पण या गोळ्यांनी काही रुग्णांचा आजार उसळतो. त्याऐवजी काय द्यायचे, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद तिच्या दप्तरातही ठेवा.