शब्दचर्चा: ‘अणुभट्टी’, ‘मंदक’, ‘क्रांतिक’ हे शब्द मुलांना सांगताना

चरईकर: विज्ञान प्रदर्शनासाठी सातवी-आठवीची मुलं ‘अणूपासून वीज’ या विषयावर फलक करतायत. चित्रांत भट्टीत ज्वाळा आहेत, शेजारी डमरूच्या आकाराचा मनोरा आणि त्यातून निघणारा ‘अणूंचा धूर’. ‘अणुभट्टी’ या शब्दामुळेच हा घोळ होत असावा. ‘रिॲक्टर’ लिहिलेलं बरं का? ‘मंदक’ आणि ‘क्रांतिक’ यांचे अर्थही सोप्या भाषेत हवेत.

ऐरोलीकर: ‘अणुभट्टी’ ठेवा. शब्द रुळलाय, वर्तमानपत्रातही तोच येतो. मुलाला तो आज ना उद्या भेटणारच. फक्त चित्राखाली पहिली ओळ अशी टाका: ‘इथे काहीच जळत नाही. युरेनियमच्या केंद्रकाचे दोन तुकडे होतात, ते वेगाने सुटतात, आजूबाजूच्या अणूंवर आदळतात आणि इंधन तापतं.’ ऑक्सिजन लागत नाही, म्हणून ज्वाळा नाहीत आणि धूरही नाही. याच कारणासाठी ‘जळलेलं इंधन’ लिहू नका, ‘वापरलेलं इंधन’ लिहा.

तो डमरू म्हणजे शीतकरण मनोरा. त्यातून निघते ती पाण्याची वाफ, आणि असा मनोरा कोळशाच्या केंद्रातही असतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात तर तो नाहीच, तिथे संघनक (वाफेचं पुन्हा पाणी करणारा भाग) समुद्राच्या पाण्याने थंड होतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तोवर तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा ठाण्याच्या फलकावर निदान तारापूरचं चित्र तरी चुकायला नको. तिथली उंच चिमणी आतली हवा गाळून, मोजून बाहेर सोडण्यासाठी आहे.

वाफ झाल्यानंतरचं सगळं कोळशाच्या केंद्रासारखंच: टर्बाइन, जनित्र, रोहित्र. दोन ध्रुवांचं जनित्र ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे घेतं. साधारण एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, बाकीची समुद्रात जाते. मुलांना हे सांगा, कारण ‘अणूपासून वीज’ म्हटलं की अणूतून थेट तारेत वीज जाते असंच त्यांना वाटतं.

कोपरीकर: खरा घात ‘मंदक’ करतो. ‘मंदक अभिक्रिया मंद करतो’ हे उत्तर इतकं सर्रास येतं की वाचणाराही त्यावर बरोबरची खूण करून मोकळा होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट. मंद होतो तो न्यूट्रॉन, म्हणजे केंद्रक फुटताना सुटणारा कण. तो पुढचं केंद्रक फोडतो, त्यातून पुन्हा न्यूट्रॉन सुटतात, ही झाली साखळी. न्यूट्रॉन मंद झाला म्हणूनच ती चालू राहते. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) फुटण्याची शक्यता वेगवान न्यूट्रॉनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. मंदक काढून घेतला तर अशी भट्टी थांबते. राजस्थान आणि मद्रास केंद्रांच्या सुरुवातीच्या भट्ट्यांमध्ये तातडीने बंद करण्यासाठी मंदक म्हणून वापरलेलं जड पाणी (यात साध्याऐवजी जड हायड्रोजन असतो) खालच्या टाकीत सोडून देण्याची सोयच होती.

अभिक्रिया आवरण्याचं काम नियंत्रक कांड्यांचं. त्यांतलं बोरॉन किंवा कॅडमियम न्यूट्रॉन गिळतं. म्हणून फलकावर दोघांची कामं शेजारी शेजारी लिहा: मंदक न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, कांडी न्यूट्रॉनची संख्या कमी करते. ‘न्यूट्रॉन’ हा शब्द गाळला की वाक्य चुकलंच म्हणून समजा.

आठवीतलं एखादं चुणचुणीत पोरगं विचारेल, साधं पाणी का नाही चालत? चालतं. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधंच पाणी आहे. मंदकही तेच, शीतलकही (उष्णता वाहून नेणारा द्रवही) तेच. पण साधं पाणी थोडे न्यूट्रॉन स्वतः शोषतं, म्हणून तिथे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं, म्हणजे समृद्ध युरेनियम लागतं. जड पाणी फारच कमी शोषतं, त्यामुळे तारापूरच्याच ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत खाणीतून येतं तसं, ०.७ टक्के युरेनियम-२३५ असलेलं इंधन चालतं.

चित्रातली आणखी एक चूक: सगळी मुलं कांड्या वरून खाली सोडतात. तारापूर १ आणि २ मध्ये त्या खालून वर जातात, कारण वरच्या बाजूला वाफेतून पाणी वेगळं करणारी यंत्रणा बसवलेली आहे.

चरईकर: आणि ‘क्रांतिक’? ‘भट्टी क्रिटिकल झाली’ अशी बातमी आली की पालकसुद्धा दचकतात.

कोपरीकर: दवाखान्यातलं ‘क्रिटिकल’ डोक्यात असतं ना! भट्टीच्या बाबतीत अर्थ एवढाच की साखळी स्वतःच्या बळावर एकसारखी चालू आहे. एका विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात, त्यांतल्या बरोबर एकाने पुढचं विखंडन घडवलं की भट्टी क्रांतिक. बाकीचे शोषले जातात किंवा निसटतात. गुजरातेतल्या काक्रापार केंद्राची तिसरी भट्टी २२ जुलै २०२० ला पहिल्यांदा क्रांतिक झाली, ही आनंदाची बातमी होती.

‘बंद’ या शब्दालाही एक तळटीप हवी. साखळी थांबली तरी विखंडनातून उरलेल्या तुकड्यांमुळे लगेचच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. ती तासागणिक उतरते, पण पाणी फिरवत राहावंच लागतं. फुकुशिमात २०११ ला भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि ही उरलेली उष्णता काढता आली नाही.

वाशीकर: ‘किरणोत्सर्गाची लागण’ हा प्रयोग फलकावर येऊ देऊ नका. लागण रोगाची होते. किरणं पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला चिकटणं वेगळं. पहिल्यासाठी ‘प्रारण’ हा शब्द मुलांना ओळखीचा आहे, उष्णतेच्या धड्यात वहन, अभिसरण, प्रारण येतंच. दुसऱ्यासाठी ‘किरणोत्सारी दूषण’ म्हणा. उदाहरण इथलंच आहे. वाशीच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून मसाले जातात, त्यातले जंतू मरतात, मसाला किरणोत्सारी होत नाही. या किरणांची ऊर्जा त्यासाठी पुरेशी नसते.

चरईकर: प्रयोग काय ठेवावा?

ऐरोलीकर: साखळीसाठी कागदाचे बोळे. पंधरा-वीस मुलं दाटीने उभी करा, प्रत्येकाच्या हातात दोन बोळे. ज्याला बोळा लागेल त्याने आपले दोन्ही वर उडवायचे. मुलं लांब लांब उभी राहिली तर साखळी दोन-तीन पायऱ्यांत विझते, कारण बोळे बाहेर जातात. मध्ये चार-पाच ‘कॅडमियम’ उभे करा, त्यांनी आलेला बोळा झेलून खिशात घालायचा. मंदक दाखवायचा तर नियम बदला: बोळा नुसता लागून चालणार नाही, झेलायला हवा. जोरात फेकलेला हातातून निसटतो, हळू फेकलेला सापडतो. नजर छताकडे ठेवायला सांगा, नाहीतर मुलं मित्राच्या डोक्यावर नेम धरतात.

जनित्रासाठी पीव्हीसी नळीवर इनॅमलच्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे, आत निओडिमियम चुंबक, आणि उलटसुलट जोडलेले दोन लाल एलईडी. नळी हलवली की दोन्ही आळीपाळीने लुकलुकतात, प्रत्यावर्ती धारा डोळ्यांना दिसते. शे-दोनशे वेढ्यांत एलईडी बहुधा लागत नाही, तेवढी तार असेल तर गॅल्व्हानोमीटर जोडा. वेढे भरपूर असूनही काहीच होत नसेल तर तारेची टोकं बघा: इनॅमल खरवडलेलं नसतं. पॉलिश पेपरने दोन सेंटिमीटर तांबं लख्ख दिसेपर्यंत घासा. आणि प्रेशर कुकरच्या वाफेवर पंखा फिरवायची कल्पना कुणी मांडली तर सरळ नाही म्हणा.