मदत हवी आहे: बेसबॉलची रूकी कार्डं, नेमकी कुठली घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक बारा वर्षांची, न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची कट्टर. गेल्या वर्षापासून तिला बेसबॉल कार्डांचं वेड लागलंय. आजवर दुकानातून पाकीट आणायचं, फोडायचं, एवढंच चालायचं. आता वाढदिवसाला आजोबांनी ३०० डॉलर दिलेत आणि "काहीतरी टिकेल असं घे" म्हणून बजावलंय. तिने ठरवलंय की फक्त रूकी कार्डं (नवख्या खेळाडूची पहिली कार्डं) जमवायची. मी क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे घरच्या सल्लागाराचं काम माझ्या आवाक्याबाहेर चाललंय.

आतापर्यंत जे समजलं ते असं. २००६ पासून खेळाडू मेजर लीगमध्ये (इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) आला की मगच त्याच्या कार्डावर 'आरसी'चा, म्हणजे रूकी कार्डचा, शिक्का येतो. त्याआधीची 'फर्स्ट बोमन' (बोमन हे एका कार्डमालिकेचं नाव) कार्डं ही होतकरूंची, ती अधिकृत रूकी नाहीत. पण भाव कधीकधी त्यांनाच जास्त. इथेच घोडं अडतं. यांकीजच्या ॲरन जजचंच बघा. टॉप्स कंपनीच्या २०१७ च्या मुख्य सेटमधलं २८७ नंबरचं रूकी. त्याच वर्षी टॉप्सच्या क्रोम सेटमध्येही रूकी, नंतर आलेल्या अपडेट सेटमध्येही शिक्क्याची कार्डं आणि २०१३ चं बोमन ड्राफ्ट ते निराळंच. जपानी स्टार ओहतानीचं २०१८ चं ७०० नंबर आहे आणि अपडेटमधलं यूएस१ पण आहे. मग खरं कुठलं धरायचं?

तिला यांकीजचा जुना कर्णधार डेरेक जीटर तर हवाच (तो निवृत्त झाला तेव्हा ही दुपट्यात होती, पण ते असो). १९९३ च्या एसपी सेटमधलं २७९ नंबरचं कार्ड सगळे सांगतात. फॉइलचं आहे, कडा इतक्या हळव्या की पाकिटातून निघतानाच टवके उडालेले असायचे. त्यामुळे पीएसए १० चा (कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसए कंपनीच्या सर्वोच्च ग्रेडचा) भाव वाचून मी टॅबच बंद केला. खालच्या ग्रेडचं घेण्यात अर्थ आहे का? की त्याच वर्षीचं टॉप्सचं ९८ नंबर घेऊन गप्प बसावं?

नवऱ्याचं म्हणणं तिसरंच: सगळे पैसे एका हॉबी बॉक्समध्ये (पाकिटांच्या महागड्या खोक्यात) घालायचे. कारण ती पायरेट्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सची बातमी. लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात त्याचं एकुलतं एक, पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरचा पॅच लावलेलं कार्ड सापडलं, पायरेट्सनी त्याबदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली, आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरच्या वर गेलं. "आपल्याला का नाही लागणार?" याचं उत्तर कुणी द्या.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

फाऊलबॉल:
नवऱ्याला सांगा, लॉटरीचं तिकीट घ्या, ते दोन डॉलरला मिळतं. बॉक्स नको. हवं ते कार्ड सुटं विकत घ्यायचं, हाच स्वस्त रस्ता.

'खरं' कुठलं, यावर माझं मत: टॉप्सच्या मुख्य सेटमधलं शिक्क्याचं साधं कार्ड. जज २८७, ओहतानी ७००, विषय संपला. अपडेटकडे तेव्हाच जा, जेव्हा मुख्य सेटमध्ये त्या वर्षी तो खेळाडूच नसतो. माइक ट्राउटचं म्हणूनच २०११ अपडेट, यूएस१७५. पॅनिनी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर संघाचा लोगो नसतो, त्यांच्याकडे मेजर लीगचा परवानाच नाही. मुलीला यांकीजची टोपी दिसली पाहिजे ना?

होतकरूंपासून लांब राहा. ब्रायन टेलरला यांकीजनी १९९१ मध्ये ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सगळ्यात पहिला उचलला होता. १९९३ मध्ये मारामारीत खांदा गेला, मेजर लीगमध्ये एकही सामना नाही. पिचरचं तर विचारूच नका. स्ट्रासबर्गने २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे १४ फलंदाज बाद), कार्डांसाठी लोक वेडे झाले, आणि त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया.

गवती चहा:
वरच्यांशी सहमत, फक्त पिचरबाबत नाही. निवृत्त पिचरचा हात आता कोण मोडणार? मारियानो रिव्हेरा घ्या, १९९२ बोमन, ३०२ नंबर. त्यात गडी यांकीजच्या गणवेशात नाहीच, घरच्या कपड्यांत उभा आहे. जीटरला हॉल ऑफ फेमसाठी एक मत कमी पडलं, याला २०१९ मध्ये सगळीच्या सगळी मिळाली. तुमच्या लेकीला हा किस्सा आवडेल.

जीटर एसपी खालच्या ग्रेडचं बेलाशक घ्या, पण पुढच्या वर्षीच्या आजोबांच्या पैशातून. टॉप्सचं ९८ ढिगाने छापलंय, भाव वाढण्याची आशा ठेवू नका, वहीत लावायला छान. आणि ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, 'सोल्ड'चा (खरोखर विकलेल्यांचा) फिल्टर लावा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. जज २८७, रिव्हेरा आणि टॉप्सचा जीटर, एवढं नक्की झालं. यांकीजच्या अँथनी व्होल्पीसाठी हट्ट चालू आहे, आपल्या जर्सीचा पोरगा म्हणून. तेही २०२३ चं साधं कार्ड घेईन. नवऱ्याला एक छोटा ब्लास्टर बॉक्स मंजूर केलाय, घरात शांतता हवी. रिव्हेरा सुटं घेऊ की स्लॅबमधलं (ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं)?

गवती चहा:
सुटं चालेल, पण विक्रेत्याकडून पुढचा-मागचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा. चारही कोपरे आणि चारही बाजूंची किनार सारखी आहे का, ते आधी बघा. स्वतः ग्रेडिंगला पाठवायच्या फंदात पडू नका. फी, टपाल आणि विमा धरला तर ग्रेड झालेलंच स्वस्त पडतं. स्लॅबमधलं घेतलंत तर त्यावरचा सर्टिफिकेट नंबर पीएसएच्या साइटवर टाकून पडताळा, मगच पैसे द्या.