बिल्डिंगचा ग्रुप : २१-२० म्हणजे जिंकलो की नाही?

मोहिते, सेक्रेटरी (ए-७०२) : नमस्कार मंडळी. विसर्जन होऊन आठ दिवस झाले, गणपतीतल्या बॅडमिंटनच्या मिक्स डबल्स फायनलचा वाद काही विसर्जित होत नाही. पावसाने उघडीप दिलीय म्हणून उद्या रंगारी येतोय कंपाउंडात कोर्टाच्या रेषा मारायला. त्याआधी काय ते ठरवून टाकू. मध्येच सुप्रभातचे फोटो नकोत.

शिल्पा सावंत (सी-५०३) : ठरवायचं काय? तिसरा गेम, २० सम. आम्ही पॉइंट घेतला, २१ झाले. कप अजून कमिटीच्या कपाटात कशाला ठेवलाय?

रश्मी मोहिते (ए-७०२) : शिल्पा, शटल बाहेर पडलं होतं गं. आतल्या रेषेच्या चांगलं वीतभर बाहेर.

शिल्पा सावंत : आतल्या रेषेच्या बाहेर म्हणजे बाहेरच्या रेषेच्या आत ना!

मोहिते, सेक्रेटरी : मी बोलत नाही. मी बोललो तर घरी जेवण मिळणार नाही आणि सी विंग मेंटेनन्स भरणार नाही. जोशी काका, तुम्हीच सांगा.

जोशी काका (बी-१०४) : सांगतो. दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.
कोर्टाची लांबी ४४ फूट. रुंदी सिंगल्सला १७ आणि डबल्सला २०. म्हणजे दोन्ही अंगाला दीड-दीड फुटाची पट्टी जास्त. मिक्स डबल्स हे डबल्सच, तेव्हा ती पट्टी आत धरायची. रेषेवर पडलं तरी आतच. शिल्पाचा पॉइंट बरोबर.
पण मॅच संपलेली नाही. २० सम झाले की दोन पॉइंटांची आघाडी लागते. २२-२०, २३-२१ असं. असं करत २९ सम झाले, तरच ३०वा पॉइंट घेणारा जिंकतो. तुम्ही २१-२० वर शेकहँड करून मोदक खायला गेलात.

शिल्पा सावंत : काका, हे तेव्हा का नाही सांगितलंत?

जोशी काका : तेव्हा मी आरतीला उभा होतो.

परब (ए-२०३) : आमच्या वेळी १५ चा गेम असायचा. आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट.

जोशी काका : परब, ते २००६ ला गेलं. आता सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकली की पॉइंट. तेव्हा अर्धा तास खेळून स्कोअर ३-२ असायचा, आठवतं ना? मला तोच खेळ आवडायचा, पण माझ्या गुडघ्यांना हा बरा.

देसाई वहिनी (बी-४०२) : मधेच विचारते, सॉरी. आर्याला रॅकेट घ्यायचीय. दुकानदार म्हणतो २८ पाउंड ताणाचं गटिंग, म्हणजे रॅकेटची जाळी, करून घ्या, स्मॅश जोरात बसतो.

ओंकार (बी-६०१) : काकू नको!! २० ते २२ पाउंड बस. जाळी जेवढी घट्ट तेवढा शटल बरोबर मधोमध लागायला हवा, नाहीतर हात दुखतो नुसता. दांड्यावर ४यू लिहिलेलं बघा, म्हणजे वजन ८० ते ८४ ग्रॅम. ग्रिप जी५ घ्या, तिचा हात लहान आहे.

देसाई वहिनी : आणि बूट?

ओंकार : जाड सोलचे पळायचे बूट नकोत. बाजूला झेप घेतली की पाय मुरगळतो. माझा मुरगळलाय.

देसाई वहिनी : शटल पिसांचं की प्लास्टिकचं?

जोशी काका : पिसांचं हॉलमध्ये. १६ पिसं आणि बुचाचं टोक, वजन जेमतेम ५ ग्रॅम. आपल्या दोन विंगांच्या मधून जो वारा येतो त्यात ते थेट जिन्यात जाईल. प्लास्टिकचं घ्या, पण टोपणावरची पट्टी बघून. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल जलद. उकाड्यात शटल जास्त लांब जातं, म्हणून मुंबईत हिरवी किंवा निळी. कल्चरल कमिटीने गणपतीत लाल पट्टीचे डबे आणले होते. निम्मी शटल्स अजून पोर्चच्या पत्र्यावर आहेत.

मोहिते, सेक्रेटरी : डब्यावर सूट होती.

ओंकार : आणि नेट! नेट कुठे ते? कपडे वाळत घालायची दोरी होती ती. मधे एवढी झोल की रश्मी काकू वाकून सर्व्हिस करत होत्या.

जोशी काका : मधोमध ५ फूट, खांबाशी ५ फूट १ इंच. टेप घेऊन मोजायचं, अंदाजाने नाही. सर्व्हिसचंही तेच. पूर्वी कमरेखालून मारा म्हणायचे आणि मग कंबर कुठे यावरून भांडण. आता शटल मारताना जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली पाहिजे, म्हणजे साधारण पावणेचार फूट. उंच माणसाला काय, बुटक्याला काय, एकच माप. मोहिते, तुम्ही छातीवरून मारत होता.

मोहिते, सेक्रेटरी : नोंद घेतली.

ओंकार : आणि केबलवाल्याची वायर? शटल लागलं की आपण लेट देतो, म्हणजे पॉइंट परत खेळतो.

जोशी काका : भिंतीला, छताला लागलं तर फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्याला. पण बांधकामाचाच अडथळा असेल तर त्यासाठी स्थानिक नियम करायची सोय नियमांतच आहे. वायर कोणी काढणार नाही, तेव्हा लेट ठेवा. फक्त बोर्डावर लिहा.
आणि जरा नीट खेळा रे. इंग्रज या खेळाला ‘पूना’ म्हणायचे, आपल्या पुण्यावरून. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ ला मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, जाऊन सेलंगॉरची स्पर्धा जिंकून आले, परदेशात जिंकणारे पहिले भारतीय.

ओंकार : २०२२ ला पुरुष संघांचा थॉमस कप पण आणला की. त्या टीममधला चिराग शेट्टी तर मुंबईचाच.

मोहिते, सेक्रेटरी : आता मुख्य अडचण. आज वॉचमनला घेऊन मोजलं. गणपतीत २० फूट रुंदी आरामात मिळाली होती. आज साडेअठराच भरते.

शिल्पा सावंत : कंपाउंड आक्रसलं की काय?

मोहिते, सेक्रेटरी : गणपतीत परब कुडाळला होते. गाडी घेऊन.

परब : माझा स्लॉट आहे तो. पैसे भरलेत. आता गाडी खंय नेऊ?

जोशी काका : नेऊ नका. पुढचा बंपर बरोबर डबल्सच्या पट्टीत येतोय. दीड फूट मागे घ्या, काम झालं.

परब : मागे तुळशीवृंदावन आहे.

रश्मी मोहिते : ते मी सरकवते. शनिवारी फायनल पुरी करू. २१-२० पासून.

शिल्पा सावंत : चालेल. सर्व्हिस कोणाची?

जोशी काका : पॉइंट तुम्ही घेतलात, सर्व्हिस तुमची. सर्व्हिस करणाऱ्यांचा आकडा सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. आणि तुम्ही ए विंगच्या सर्व्हिसवर पॉइंट घेतलात, त्यामुळे जागा बदलायच्या नाहीत. डावीकडे जो उभा होता तोच सर्व्हिस करेल. कोण होतं?

शिल्पा सावंत : हे म्हणतात ते होते. मी म्हणते मी.

ओंकार : व्हिडिओ आहे माझ्याकडे. थांबा.

ओंकार : शिल्पा काकू डावीकडे.

परब : डावीकडे म्हणजे माझ्या गाडीच्या बाजूला ना?

मोहिते, सेक्रेटरी : हो.

परब : मग शनिवारी सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकतो.