ग्रेगोरियन गायन कसे ऐकावे?

मध्यलय:
मी काही वर्षांपासून हिंदुस्थानी गायन शिकत आहे. फ्रान्समधील सोलेम येथील बेनेडिक्टाइन मठाच्या ग्रेगोरियन गायनाच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या लॅटिन प्रार्थनागायनाच्या, ध्वनिमुद्रिका अलीकडे सलग ऐकल्या. त्यांत ताल नाही, साथीला वाद्य नाही, सर्वांचा सूर एकच, आणि स्तोत्रांच्या ओळीच्या ओळी जवळजवळ एकाच स्वरावर म्हटल्या जातात. सुरुवातीला मन शांत झाले, पण पुढे माझे कान विस्ताराची वाट पाहू लागले आणि तो काही आला नाही. समोर श्रोता असो वा नसो, हे मठवासी आयुष्यभर दिवसातून अनेक वेळा हेच गातात. यातील आठ मोड (चालींच्या स्वरचौकटी) आपल्या रागांसारखे समजावेत का, आणि ऐकताना कशाकडे लक्ष द्यावे?

वसईचा वाचक:
श्रोत्याचा विचार बाजूला ठेवलात, तर अर्धे उत्तर मिळेल, कारण हे गायन मुळात प्रार्थनेचे पठण आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जो नियम लिहिला, त्याच्या 73 प्रकरणांपैकी 8 ते 20 ही प्रकरणे दैनंदिन प्रार्थनेला दिलेली आहेत. रात्रीच्या जागराची एक आणि पहाटेच्या लॉड्सपासून संध्याकाळचे व्हेस्पर्स व झोपण्यापूर्वीचे कॉम्प्लाइन यांपर्यंत सात, अशा प्रार्थनेच्या वेळा त्यात ठरवलेल्या आहेत. बायबलमधील सर्व 150 स्तोत्रे आठवड्यात पूर्ण झालीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आपले पूर्वज जे एका दिवसात उत्साहाने पूर्ण करीत, ते आपण निदान आठवड्यात तरी करावे, असे ते लिहितात. 'ईश्वराचे कार्य' हे त्यांनी या प्रार्थनेला दिलेले नाव. घंटा झाली की हातातले काम टाकून निघायचे, कारण या कार्याहून काहीही मोठे मानायचे नाही.

आता ऐकण्याबद्दल. गायक समोरासमोर दोन बाजूंना बसतात आणि स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणतात. प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक विराम असतो, तेवढाच काही वेळा ऐकत राहा. तिथे सगळे एकत्र थांबतात आणि एकत्रच पुढे निघतात. कोणाचाही आवाज पुढे धावत नाही. माझ्या मते या गायनाची सगळी शिस्त त्या शांततेत आहे. मन आणि वाणी यांचा मेळ असावा, हे बेनेडिक्ट यांचे 19व्या प्रकरणातले सांगणे मला तिथेच कळले.

जुनी पोथी:
मोडबद्दल लिहितो. प्रत्येक मोडमध्ये दोन स्वर महत्त्वाचे असतात: चाल जिथे विसावते तो अंत्य स्वर आणि शब्द ज्यावर म्हटले जातात तो पठणाचा स्वर. पाश्चात्त्य स्वरनामांत (दो, रे, मी, फा, सोल, ला) सांगायचे तर पहिल्या मोडमध्ये शेवट 'रे'वर आणि पठण 'ला'वर, तर आठव्यात शेवट 'सोल'वर आणि पठण 'दो'वर. तुम्हाला रागातले न्यास (विसाव्याचा स्वर) आणि वादी (मुख्य स्वर) आठवतील, आणि तिथवर तुलना चालते. मात्र रागात गायक विस्तार करतो, तर इथे चाल ठरलेली असते आणि लांबी शब्दांप्रमाणे बदलते. स्तोत्राच्या आधी व नंतर अँटिफन नावाची छोटी रचना येते आणि तिच्या मोडवरून स्तोत्राची चाल ठरते. म्हणून स्तोत्र तिच्यापासून तोडून ऐकू नये.

'ग्रेगोरियन' या नावावरून पोप ग्रेगरी पहिले (590 ते 604) हे रचनाकार असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात आठव्या-नवव्या शतकांत फ्रँकिश राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) रोमची परंपरा तिथल्या स्थानिक गायनात मिसळून आजचे रूप घडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन मठाच्या दहाव्या शतकातील हस्तलिखितांतल्या खुणा स्वराची नेमकी उंची सांगत नाहीत, पण कुठे रेंगाळावे आणि कुठे हलके जावे हे फार बारकाईने सांगतात. उंची पाठ असायची, गुरुमुखातून आलेली. पुढे अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सोचे मठवासी ग्वीदो यांनी रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रुजवली.

सोलेमचे महत्त्व इथेच आहे. 1833 मध्ये प्रॉस्पेर गेरांजे यांनी तिथे मठजीवन पुन्हा सुरू केले, तेव्हा हे गायन जड आणि ठोकळेबाज झाले होते. तिथल्या मठवासीयांनी जुनी हस्तलिखिते ताडून पाहिली आणि 1889 पासून त्यांच्या प्रतिकृती छापायला सुरुवात केली. 1903 मध्ये पोप पायस दहावे यांनी ग्रेगोरियन गायनाला चर्चसंगीताचा आदर्श ठरवले, त्यामागे या मेहनतीचा मोठा वाटा होता.

मध्यलय:
आभारी आहे. काल रात्री कॉम्प्लाइन पुन्हा ऐकले आणि या वेळी फक्त ओळीमधल्या विरामाची वाट पाहिली. बेनेडिक्ट यांच्या नियमात या प्रार्थनेसाठी रोज 4, 90 आणि 133 (जुन्या लॅटिन बायबलच्या क्रमांकांनुसार) हीच स्तोत्रे सांगितली आहेत, हेही वाचले. ती पाठ होत असणारच, मग दिव्याचीही गरज उरत नसावी. आता एक आठवडा रोज तीच तीन ऐकणार आहे.