संदर्भ शोधायला जातो आणि कामच बाजूला राहते

अर्धविराम (प्रश्न)
माझे काम अहवाल आणि लेख लिहिण्याचे असल्यामुळे इंटरनेट बंद ठेवून बसणे मला परवडत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. समाजमाध्यमांचा मोह मला फारसा होत नाही. मी भरकटतो तो कामाच्याच निमित्ताने. उदाहरणार्थ, सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाल्याचे वर्ष तपासायला जातो. १८६९ हा आकडा लगेच मिळतो, पण तिथून तो कालवा उभारणारे फर्दिनांद द लेसेप्स, त्यांचा पनामातील फसलेला कालव्याचा प्रकल्प, तिथे मजुरांचे बळी घेणारा पीतज्वर आणि तो पसरवणारे डास, अशी मजल मारून परत येतो तेव्हा अर्धवट सोडलेले वाक्य कुठे चालले होते हेच आठवत नाही. संकेतस्थळे अडवणारी अ‍ॅप वापरून पाहिली, पण ज्ञानकोश अडवला की कामच अडते. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

तळटीप
आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यावेसे वाटते त्यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये केली होती. आपल्या बाबतीत प्रत्येक उत्तर असे नवे अंतर दाखवते, त्यामुळे ‘एवढे वाचून थांबतो’ हा निश्चय टिकणे कठीणच. शिवाय नुकसान केवळ वेळेचे नसते: एक काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. म्हणजे आपण वाक्याकडे परतता, पण मन अजून पनामातच असते.

माझा उपाय अगदी साधा आहे. लिहिताना वर्ष, नाव किंवा आकडा आठवला नाही, तर तिथे ठळक प्रश्नचिन्ह टाकून मी पुढे जातो आणि मसुदा पूर्ण झाल्यावर सगळी प्रश्नचिन्हे एका बैठकीत सोडवतो. त्यांपैकी बऱ्याच तपशिलांची गरजच नव्हती, हे तेव्हा कळते. (ब्राउझर उघडण्याची ऊर्मी बहुधा वाक्य अडते तिथेच येते, आपणही पडताळून पाहावे. मला तरी अनेकदा ते वर्ष नको असते, त्या अडलेल्या वाक्यापासून सुटका हवी असते.)

जुना वाचक
तळटीप यांचा उपाय चांगला असला तरी सर्वत्र लागू पडणार नाही. ज्या आकड्यावर संपूर्ण परिच्छेदाचा युक्तिवाद उभा आहे, तो प्रश्नचिन्हावर सोडून पुढची दोन पाने लिहिणे धोक्याचे आहे, कारण आकडा वेगळा निघाला तर ती पाने रद्द करावी लागतील. अशा वेळी मी शोध घेण्यापूर्वी नेमका प्रश्न कागदावर लिहितो, आणि उत्तर त्याच कागदावर उतरवल्याखेरीज दुसरा दुवा उघडत नाही. उत्तर हाताने लिहिले की शोध संपल्यासारखा वाटतो. नुसते वाचले की तसे वाटत नाही.

पानगळ
माहिती मुबलक झाली की लक्षाचा तुटवडा पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवले होते, तेव्हा सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका.

अर्धविराम
आभार. प्रश्नचिन्हांची पद्धत आजपासूनच सुरू करतो. मात्र एक शंका उरते: पीतज्वरासारखे जे विषय कामाचे नसले तरी खरोखर वाचावेसे वाटतात, त्यांचे काय करावे?

तळटीप
त्यांची वेगळी यादी ठेवा आणि काम संपल्यावर ती उघडा. बहुतेक नोंदींकडे तेव्हा पाहावेसेही वाटत नाही. ज्या उरतात, त्या निवांत वाचा.